नाकातला फवारा आणि नदीचं दुसरं कडवं

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली असल्याने तो खुर्चीतूनच गोड मानून घे). तुझे गुडघे आता जिना चढू देतात का? इकडे सगळं ठीक आहे. मी तर जरा जास्तच ठीक आहे, आणि त्याचीच ही हकिगत.

दाढी करताना मी शाळेतली नदीची कविता म्हणतो, हे तुला ठाऊकच आहे. मध्यंतरी एका सकाळी पहिलं कडवं झालं आणि दुसरं आलंच नाही. गालावरचा फेस वाळला, तरी आलं नाही. मनात पाल चुकचुकली. तुझ्या भावजयीपाशी मी बोललो नाही, पण तिने ओळखलं आणि मला एका संशोधन केंद्रात नेऊन बसवलं. तिथे कृत्रिम पेप्टाइडांचा प्रयोग चालू आहे. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचाच इवलासा तुकडा, प्रयोगशाळेत मणी ओवावेत तसा ओवलेला; तो नाकात फवारायचा. त्याने काळजी ओसरते का, डोकं तरतरीत राहतं का, हे अजून तपासताहेत. (निम्म्या मंडळींना नुसतं मिठाचं पाणी मिळतं, आणि कोणाला काय मिळालं हे तिथल्या डॉक्टरीणबाईंनाही ठाऊक नसतं. इतकं निरागस खातं मी उभ्या नोकरीत पाहिलं नाही.)

फवारा सुरू झाला आणि मी शांत झालो. गॅसवरचं दूध पांढऱ्या ढगासारखं वर आलं, ते मी पाहतच राहिलो. ओटा पुसता पुसता तुझी भावजय म्हणाली, हा काही औषधाचा गुण नव्हे, लग्न झाल्यापासून हे असंच चाललंय.

मग स्मरणाची परीक्षा. बाई शब्द वाचणार, थोड्या वेळाने आपण ते परत म्हणायचे. चमचा, खिडकी, घोडा, साबण, असे काहीबाही. मी ते लगेच नदीच्या चालीवर बसवले (घोडा मात्रेत बसेना, त्याला जरा ओढला). मधल्या वेळात आम्हा म्हाताऱ्यांना बाहेर बाकावर बसवलं होतं. माझं गुणगुणणं शेजारच्याने उचललं, त्याचं पलीकडच्या बाईंनी, कोणी पायाने ठेका धरला. सबंध बाक उत्तम गुणांनी पास झाला, मिठाच्या पाण्यासकट. डॉक्टरीणबाई आधी हरखल्या, मग शंका येऊन दारात ऐकत उभ्या राहिल्या. मला एकट्याला आत बोलावून म्हणाल्या, "आजोबा, आता नवे शब्द देते. या खेपेला चाल न लावता सांगा."

ताई, मला फक्त साबण आठवला. आणि साबण आधीच्या शब्दांतला होता.

बाई रागावल्या नाहीत. पाणी दिलं, म्हणाल्या, एवढ्यावरून काही ठरत नाही. घरी येताना तुझ्या भावजयीने माझा हात धरला होता. रस्त्यावर गर्दी मुळीच नव्हती.

तुझा,
धाकटा

ता. क. बाई तुला फोन करणार आहेत. हा माणूस पूर्वी कसा होता, हे लहानपणापासून ओळखणाऱ्या कोणाला तरी विचारतात म्हणे. मी तुला पुढे केलंय. तेव्हा मी पहिल्यापासूनच विसरभोळा होतो, असं ठणकावून सांग. छत्र्या, डबे, हवं ते माझ्या नावावर हरवून टाक.

आणखी एक. पाकीट बंद करण्याआधी तुझ्या भावजयीने पत्र वाचलं. म्हणते, वन्संना खोटं बोलायला लावू नका. सगळ्या कविता तोंडपाठ असलेला वर्गात हा एकटाच होता, हे त्यांना खरं खरं सांगू द्या, म्हणजे काही करायचं तर वेळेवर होईल. तू तिचंच ऐक. पण बाईंच्या आधी मला एक फोन कर आणि नदीचं दुसरं कडवं म्हणून दाखव, चालीसकट. मध्ये कुठे तूही अडखळलीस, तर मला फार बरं वाटेल.