सीताबाईचा टाक

३ जून, धुळे
लेकीच्या, पूर्वाच्या, जात पडताळणीसाठी आबांच्या (सासरे) जन्माची नोंद हवी. कचेरीचं नाव काढलं की ह्यांची पाठ दुखते. म्हणजे चोपड्याला मीच. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आबांचा जन्म तिकडचा. ते दोन वर्षांचे असताना त्यांची आई, सीताबाई, वारली. तिचा चांदीचा टाक, गेलेल्या माणसाची करतात ती छोटी प्रतिमा, आमच्या देव्हाऱ्यात. बावीस वर्षं मीच घासते.

५ जून, चोपडा
जन्माचं पान वाळवीने खाल्लेलं. क्लार्क म्हणाला, "मृत्यूचं बघा ताई. घरातलं कुणीही चालेल, जात लिहिलेली पाहिजे." सापडलं. सीताबाई, नवऱ्याचं नाव बरोबर, जात स्पष्ट. तारीख मात्र आबांच्या लग्नानंतरची. चार वर्षांनंतरची! तीनदा वाचली.

६ जून
काल तशीच जवळच तिच्या माहेरगावी गेले. तिच्या भावाची सून आहे अजून, नव्वदीची.
"तवय मरेल नव्हती वं. मार सहन व्हयना नही, निंघी उनी. पोऱ्या त्यासनी ठी लिधा."
आजेसासऱ्यांनी पोर ठेवून घेतलं नि गावभर सांगितलं, मेली. टाक केला, दुसरी बायको आणली. जिवंत बाईला देवात बसवलं! आणि मी मेली त्यांच्या फोटोला दर सणाला हार घालते.
म्हातारी पुढे म्हणाली, "पोऱ्याना लगीनले उनी व्हती. मांडवना बाहेर उभी ऱ्हायनी. कोन्ही ये म्हने नही. उपाशी माघारी उनी."
लेकाच्या लग्नाला आलेली, उपाशी परत! एसटीत रडले.

८ जून
हे म्हणतात, "ब्याऐंशीव्या वर्षी आबांना कशाला? सही घे नि मोकळी हो." वा! सही करायच्या प्रतिज्ञापत्राला मृत्यूचा हाच उतारा जोडलेला, आणि आबा जन्मभर तलाठी. वाचल्याशिवाय दुधाच्या पावतीवरसुद्धा सही करत नाहीत.
पण पूर्वाची अ‍ॅडमिशन...

९ जून
टाक घासवेना. नुसतं पाणी घातलं. आबांचं लक्ष गेलं. "आईले हयद नही लाई का?"
हळद लावली.

१० जून
दिला कागद. आबांनी भिंग घेतलं. तारखेवर बोट ठेवून बसून राहिले. मी तोंड उघडलं तर हाताने थांबवलं. मग म्हणाले,
"जित्ती व्हती? मंग मना लगीनले का बरं नही उनी?"
चहा ठेवते म्हटलं नि आत आले. चहा कधीच उतू गेला. सही नाही, उद्या शेवटची तारीख. आबा बाहेरून परत तेच विचारताहेत.