नऊ वर्षांची चूक

गिरगाव, २ मार्च १९५८

ती. अण्णा,

तुम्ही पाठवलेला मोडी कागद दोन पुठ्ठ्यांत घालून बांधते आहे. उद्या परिषदेत तो लागेल. मी बरी आहे, वेळेवर जेवते.

तळपदे सरांनी माझा निबंध स्वतःच्या नावावर छापला, तेव्हा तुम्ही लिहिलंत, "गुरू आहेत, सोडून दे." सोडलं नाही. सरांना वाचायला दिलेल्या माझ्या कच्च्या मसुद्यात या कागदाचं साल नऊ वर्षांनी चुकलं होतं. पुढे तुम्ही ते सुधारलंत. सरांनी मात्र मसुदा चुकीसकट छापला.

दादरच्या एका मंडळाने निबंध न वाचताच मला बोलावलं होतं. तिथे गेले नाही. ही परिषद प्रत्येक निबंध आधी दोघा जाणकारांकडून तपासून घेते, आणि सर दरवर्षी पहिल्या रांगेत बसतात. अशीच परिषद वर्षभर शोधत होते.

आईचा खोकला कसा आहे? तिला यातलं काही सांगू नका.

तुमची नलू

ता. क. (३ मार्च) पत्र टाकायचं राहिलं होतं. आज सकाळी निबंध वाचला. सर उठून म्हणाले, "बाई, हे साल आणलंत कुठून?" मी कागद त्यांच्या हातात दिला. म्हटलं, "वाचा ना सर, मोठ्याने." त्यांनी कागद एकदा उलटा, एकदा सुलटा धरला. त्यांना मोडी येत नाही, अण्णा.