आत ये म्हणायचं नाही

३ ऑगस्ट, फुजैरा
आले बाई एकदाची! कॅमिला अबुधाबीहून गाडीने सोडून गेली. माझी लेक, मला ओळखून आहे. जाताना म्हणाली, ममा, डोन्ट फीड द होल स्ट्रीट! काम सोपं आहे, एका म्हाताऱ्याचं जेवणखाण. पण म्हातारा म्हणजे युरोपातला राजा, खराखुरा! तिकडे लढाई पेटलीय आणि हे गुपचूप इथे, समुद्राकाठच्या व्हिलात. ड्रायव्हर इद्रीस रत्नागिरीचा, जिभेला हाड नाही. म्हणाला, आंटी, राजा असो की रंक, तुमचं तिखट कालवण सगळ्यांच्या नाकातून पाणी काढणार. आणि खरंच, राजेसाहेबांनी डोळे पुसत पुसत पुन्हा भात मागून घेतला.

५ ऑगस्ट
रोज सकाळी राजेसाहेब पडदा ओढून कॅमेऱ्यासमोर बसतात. आपल्या सैनिकांना सांगतात, मी राजधानीतच आहे, तुमच्या शेजारी. अर्थ त्यांनीच मला इंग्रजीत सांगितला, हसून. मनात म्हटलं, बंदूक लोकांच्या पोरांच्या खांद्यावर आणि आपण एसीत! पण मग कॅमेरा बंद करून पडद्याच्या फटीतून गेटकडे बघत बसले. दया आली.
घराचा नियम एकच. दारात कोणी का येईना, आत ये म्हणायचं नाही.

८ ऑगस्ट
भर दुपारी गेटवर एक गोरा पोरगा. बाहेर अंडं उकडेल असं ऊन, आणि याच्या अंगावर जाड लष्करी कपडे, हेल्मेट नाकापर्यंत. आमच्या वसईत दारातल्या माणसाला कोणी तहानलेला पाठवत नाही. तोंडातून निघूनच गेलं, ये बाबा, आत ये, पाणी घे.
प्यायला नाही. ग्लास परत घेतला, तर पाण्याचा बर्फ झालेला.
मान वर केली. पोरगा नव्हता. ओल्या चिखलाची पावलं मात्र घरात गेली होती.

९ ऑगस्ट
पुसते, पुन्हा चिखल. एसी बंद केलाय, तरी तोंडातून वाफ निघते. इद्रीसने पाहिलं, खलास म्हणाला, बॅग उचलली. मलाही म्हणाला, यल्ला आंटी, बसा गाडीत. पण आत बोलावलं मी, आणि निस्तरायचं त्या म्हाताऱ्याने? नाही गेले.

१० ऑगस्ट
आता पुष्कळ आहेत. जिन्यावर, हॉलमध्ये. कोवळी पोरं. हेल्मेटखाली डोळे नाहीत, नुसता चिखल. भिंती चाचपत फिरतात. राजेसाहेब म्हणाले, माझेच आहेत. माझ्या शब्दावर मेले. मलाच न्यायला आलेत.

११ ऑगस्ट
बोटं वळत नाहीत थंडीने. राजेसाहेबांनी अंगातला पदकांचा कोट काढला, मला घातला. बटणं लावली. आपल्या खुर्चीत बसवलं. केवढी माया, म्हटलं —
बाहेर गेले. कडी — बाहेरून लावली —

पोरं आत आहेत. चाचपतात. एकाचा हात कोटावर — पदकांवर थांबला. सगळी ताठ उभी राहिली. सलाम ठोकला.
मी सांगतेय, बाळांनो, मी विल्मा, जेवण बनवणारी — त्यांना माझी भाषा —
हात धरलाय. उठवतात. बटणं निघत ना