मुक्या पंपाचे शेअर

आदरणीय दादासाहेबांस,

आपल्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार. (वाकलेलाच आहे. कंबर गेल्या आठवड्यापासून सरळ होत नाही, त्यामुळे नमस्काराचे वेगळे कष्ट पडले नाहीत.) आपले गुडघे, वहिनींची दाढ आणि घरातल्या सर्वांची प्रकृती कशी आहे ते कळवावे. 'सर्वांची' या शब्दावर जरा जोर दिला आहे, कारण आपल्या घरात सध्या एक माणूस जास्त आहे आणि माझ्या घरात तेवढाच कमी. आपल्याला तिने सांगितलं असेल की हवापालटासाठी आले. हवा दोन्हीकडे सारखीच आहे. ती माझ्यावर रागावून आली आहे, आणि तिने परत यावं एवढ्याचसाठी हा पत्रप्रपंच. मधला सगळा मजकूर शेअर आणि बाँडचा आहे, कारण भांडण त्यावरून झालं. आणि त्या भांडणाचा उगम, रागावू नका, आपल्या बैठकीच्या खोलीत आहे.

आठवत असेल, मागच्या भेटीत आपण मला कोचावर बसवून गुंतवणुकीचं ज्ञान दिलंत. (उठा म्हणेपर्यंत मी उठलो नाही, तेव्हाही कंबरच.) आपण म्हणालात, शेअर म्हणजे कंपनीच्या मालकीचा तुकडा, कंपनी कमावेल तर तुम्हाला, बुडेल तर तुम्ही. बाँड म्हणजे कंपनीला नाहीतर सरकारला दिलेलं कर्ज. ठरलेलं व्याज आणि ठरलेल्या तारखेला मुद्दल. मी मान डोलावली. पंप आणि मोटारी दुरुस्त करणाऱ्या माणसाला गिऱ्हाइकासमोर मान डोलवायची सवय असते. समजणं नंतर होतं. मग आपण माझ्या साठवलेल्या पैशांतले थोडे शेअरसाठी बाजूला ठेवून बाकी सगळ्याचे बाँड घ्यायला लावलेत, आणि तुमच्या बहिणीने लगेच विचारलं, तारीख कोणती? आपण तारीख सांगितलीत. तिने ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर नव्हे (ते वर्ष अजून छापलेलंच नाही), तर कपाटाच्या दाराला आतून खडूने लिहिली. मला वाटलं, व्याजाची काळजी. बायकांना तारखा लिहायची हौस असते, असंही वाटलं. काय काय वाटतं माणसाला.

तर पुढे काय झालं ते ऐका. एके सकाळी दुकानातल्या रेडिओवर बातमी आली की व्याजाचे दर वाढले. मी पान्हा खाली ठेवला. व्याज वाढलं! आपण व्याज खाणारे! म्हणजे चांदीच. मी आमच्या गल्लीतल्या सगळ्या दुकानदारांना चहा पाजला, समोरच्या पंपविक्रेत्याला दोनदा. कुलपं बनवणाऱ्याने कारण विचारलं तर मी नुसता हसलो. श्रीमंत माणसं कारणं सांगत नाहीत. संध्याकाळी बाँडचा भाव बघितला तर तो खाली! मी आपल्याला फोन लावला, आठवतं का? आपण जेवत होता आणि तोंडात घास ठेवून म्हणालात की दर वाढले की जुन्या बाँडचा भाव पडतोच, यात नवल काय. नवल हे की ही गोष्ट चहाआधी कोणी सांगितली नाही.

ते कोडं तुमच्या बहिणीने उलगडून सांगितलं, आणि तेही भाजी निवडता निवडता. आमच्या वरच्या खोलीत व्हायोलिन शिकवणारे मास्तर राहतात. त्यांचं भाडं करार केला तेव्हाचं आहे. करार संपेपर्यंत वाढवता येत नाही. आता सगळ्या गल्लीत भाडी वाढली. ती म्हणाली, समजा आज ती खोली मास्तरांसकट कोणी विकत घेऊ लागला, तर तो पूर्वीची किंमत देईल का? बाजूची तसलीच खोली जास्त भाडं आणत असताना? नाही देणार. घासाघीस करणार. (व्हायोलिन ऐकून आणखी करणार.) पण आपल्याला कुठे विकायची आहे? मास्तर भाडं वेळेवर देतात, आणि करार संपला की खोली जशीच्या तशी आपली. तसंच बाँडचं. गप्प बसा, तारखेला पूर्ण पैसे येतील. इतकं सोपं. आपण वही-पेन्सिल घेऊन जे तासभर सांगितलंत ते तिने एका जुडीत उरकलं. मी 'बरं' म्हणालो.

आणि दुसऱ्या दिवशी बाँड विकून आलो. तोट्यात. तिला न विचारता.

का, असं आपण विचाराल. दादासाहेब, माझा अपमान झाला होता. गल्लीभर चहा पाजल्यावर तोटा झालेला माणूस शहाणपणाने वागत नसतो. शिवाय माझ्या डोक्यात एक थोर कल्पना आली होती. आपण सांगितलं होतं की ज्या धंद्यातलं आपल्याला कळतं, त्याच धंद्याचे शेअर घ्यावेत. मला पंपांतलं कळतं. तीस वर्षं लोकांचे बिघडलेले पंप उघडून पाहतोय. कुठल्या कंपनीचा माल कसा हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? एक कंपनी आहे, तिला मी 'रडकी' म्हणतो. रोज सकाळी दुकान उघडायच्या आत तिचे दोन-तीन पंप पायरीवर येऊन बसलेले असतात. कुणाचं बेअरिंग गेलेलं, कुणाची वाइंडिंग जळालेली. असल्या कंपनीत पैसे घालायचे? मी काय वेडा आहे? आणि दुसरी एक आहे, तिला 'मुकी' नाव ठेवलं. तीस वर्षांत तिचा एकही पंप माझ्याकडे दुरुस्तीला आला नाही. एकही नाही! मी म्हटलं, हा तर पंप नव्हे, पोलाद आहे. आपण त्या शेअरचा भाव बघून बजावलंत की कंपनी एका शेअरमागे वर्षाला एक कमावते आणि भाव चाळीस मागते, म्हणजे कमाई अशीच राहिली तर पैसे वसूल व्हायला चाळीस वर्षं. आधी कमाई वाढेल कशाने ते बघा. मी म्हटलं, न बिघडणारा पंप चाळीस वर्षं सहज चालतो. या उत्तरावर आपण गप्प झालात, आणि मला वाटलं की आपल्याला पटलं.

सगळे पैसे मुकीत घातले. काही आठवडे भाव जागच्या जागी बसून राहिला. मग कंपनीने वर्षाची कमाई जाहीर केली आणि भाव असा कोसळला की मी रेडिओच बंद केला. जणू रेडिओनेच पाडला. रडकीचा शेअर मात्र त्याच दिवशी वर. मी तरातरा समोरच्या पंपविक्रेत्याकडे गेलो, त्याच्या दारातल्या खोक्यावर बसलो (वर्षानुवर्षं आमचा चहा तिथेच होतो) आणि बाजार कसा आंधळा आहे यावर त्याला व्याख्यान दिलं. तीस वर्षांत एक पंप बिघडला नाही, आणि लोकांना कदर नाही! त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बिघडेल कसा? विकलाच नाही कधी." त्याने फार पूर्वी डझनभर मागवले होते. आवाज फार, पाणी कमी, किंमत दुप्पट. एक सोडून सगळे माळ्यावर धूळ खात आहेत. मी विचारलं, तो एक कुठे आहे? तो म्हणाला, "तुम्ही त्याच्यावर बसलाय."

उठून पाहिलं. खोक्यावर कंपनीचं नाव होतं. रडकीचे पंप माझ्याकडे का येतात तेही त्याने सांगितलं: घरोघरी तेच आहेत. शंभरात पाच बिघडले तरी माझी पायरी भरते. उंटावरचा शहाणा म्हणतात तो मीच. फक्त उंटाच्या जागी खोकं होतं.

घरी येऊन सगळं सांगितलं. तुम्हाला वाटेल ती पैशांवरून ओरडली. नाही ओरडली. पैसे गेले हे ऐकून तिने भाजीला फोडणीही दिली. पण बाँड विकले हे ऐकल्यावर तिने गॅस बंद केला. ती तारीख व्याजासाठी नव्हती, दादासाहेब. त्या दिवशी पैसे हातात आले की मी दुकान बंद करायचं, पंप उचलायचे नाहीत, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. रात्री कूस बदलताना मी कण्हतो ते मला ऐकू येत नाही, तिला येतं. माझी कंबर सुटायची तारीख तिने खडूने लिहून ठेवली होती, आणि मी ती एका सकाळी विकून आलो. मी म्हणालो, अगं, मग बोलायचंस ना. तू कधी तक्रार केली नाहीस, मला वाटलं सगळं ठीक आहे. त्यावर ती म्हणाली, "मीही तुमची मुकी कंपनीच ना," आणि पिशवी भरायला गेली.

त्या दिवसापासून घर फार शांत आहे. मास्तरांचं व्हायोलिनसुद्धा बरं वाटू लागलं आहे, यावरून माझ्या मनाची अवस्था ओळखा. मुकीचे उरलेसुरले शेअर फुंकून टाकले आणि जे हाती आलं त्याचे पुन्हा बाँड घेतले. थोडेच आले. माझी चूक झाली, न विचारण्याची आधी आणि पंपाची नंतर. एवढं तिला आपल्या शब्दांत सांगा. आपण बँकेतले, आपल्या शब्दांवर लोक विश्वास ठेवतात.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
कंबर धरून बसलेला मेहुणा

ता. क. : नव्या बाँडचीही तारीख आहे. ती या पत्रात मुद्दाम लिहीत नाही. ऐकायची असेल तर तिला यावं लागेल. खडू कपाटावरच आहे.

ता. क. दुसरा : आपण तिला समजावण्यात कुचराई करणार नाही याची मला खात्री आहे. कारण मुकीचा भाव पडला त्या दिवशी फोनवर आपण 'तुमचे शेअर' म्हणता म्हणता 'आपले शेअर' म्हणालात आणि खोकलात. किती घेतलेत ते मी विचारत नाही. वहिनींना तर मी मुळीच सांगणार नाही. आपली बहीण घरी पोहोचली तर नक्कीच नाही.

ता. क. तिसरा : दादा, हे मी लिहितेय. तुला न सांगता सकाळच्या गाडीने निघाले, रागावू नकोस. मी पोहोचले तेव्हा हे घरात नव्हते, पाकीट चिकटवायला डिंक आणायला गेले होते आणि पत्र टेबलावर उघडंच होतं. आल्यावर माझ्या हातातली पिशवी घेतली आणि आधी तारीख सांगितली. दोन वर्षं लांब गेली आहे. मी म्हटलं, दुकान मात्र दीडच वर्ष जास्त चालवायचं. मोठे पंप आजपासून बंद, छोटे तेवढे बसून करायचे, या बोलीवर ते कबूल झाले. तू मला आठवडाभर पुरुषमाणसांच्या उतावळेपणावर जे ऐकवत होतास ते पटलं होतं मला. आता तुझ्या शेअरचं वाचून जास्त पटलं. वहिनीला फोन करून तेही सांगितलं आहे. तिने एवढंच विचारलं, "तुझा दादा कुठे आहे?"