मेथीच्या वाफ्याचं पाणी

गुरुवार, संध्याकाळ

आश्रमाच्या मॅडम वाचतात त्या या वहीत लिहायला चार दिवस उशीर झाला, माफी असावी. या वृद्धाश्रमात आल्यापासून पहिल्यांदाच मला काम मिळालंय, मागच्या अंगणातल्या मेथीला पाणी द्यायचं. त्यातच दिवस सरतात.

आज फावडं घेऊन वाफ्याची दारं धरत, पाणी वळवत होतो. पायाला गार पाणी लागलं आणि गावाकडचं, तीर्थपुरीचं माझं शेत समोर आलं. डोक्याच्या वर गेलेला ऊस, त्यात शिरलेला वारा, बांधावर भाकरी घेऊन आलेली माझी बायको कौसाबाई. तिला जाऊन सहा वर्षं झाली. पाणी मात्र तसंच गार...

"ओ अण्णा, उभ्यानं झोपून राह्यले का?" शेजारच्या खोलीतले रहीमभाई ओरडले. "माझा झेंडू बुडाला बिलकुल! आता भातच लावतो मंग."

मेथी आणि त्यांच्या झेंडूमधला मातीचा वरंबा फुटला होता. मी घाईनं चिखल लोटला. मॅडम बघून एवढंच म्हणाल्या, "उद्यापासून पाण्याचं बघू, काका."

बघू म्हणजे काय? काम काढून घेणार? मग दिवसभर खाटेवर करू काय? चूक माझीच. पण त्या गार पाण्यात कौसाबाई दिसली, त्याचं वाईट कसं वाटून घेऊ?

मॅडम, तोंडावर विचारायचा धीर नाही, म्हणून इथं लिहितो. पाण्याचं काम माझ्याकडं राहील का, हो किंवा नाही, सकाळच्या पाण्याआधी जल्दी निरोप धाडा.