काम : काही नाही

धरमपेठ, नागपूर
७ जानेवारी २०२५

ती. प्रेमिलावहिनीस,

मायाचा सप्रेम जयभीम. वि. वि. धंतोलीच्या डॉक्टरांनी गळ्याचं ऑपरेशन छान केलं, पण दीड महिना एक शब्दही बोलायचा नाही म्हणतात. तीस वर्षं बोलूनच पोट भरलेल्या बाईला ही शिक्षाच आहे. ‘मी आली का मायाचं तोंड सुरू होते’ असं म्हणून तू भेटायला येत नाहीस, हे श्वेताने सांगितलं. तुझी लेक खरं बोलते. मोबाइलची बारीक अक्षरं तुला दिसत नाहीत, तेव्हा ही चिठ्ठी तिच्याजवळ रिकाम्या डब्यात घालून देते. तुझ्या मऊ भातावर आणि पातळ वरणावर मी जिवंत आहे.

आता कामाचं. इंदोऱ्याच्या विहारातला आपला रविवारचा अर्थशास्त्राचा वर्ग दोन आठवडे बंद आहे. बायांना रविवार कसा काढावा लागतो, ते तू जाणतेस. अजून दोनदा दाराला कुलूप दिसलं तर त्या पुन्हा यायच्या नाहीत आणि बावीस वर्षांचा वर्ग मोडेल. शिवाय फेब्रुवारीत आमच्या संशोधन केंद्राची मुलंमुली त्याच वस्तीत फॉर्म घेऊन फिरणार आहेत, कोण काय काम करतं ते विचारत. त्याआधी बायांशी बोलायलाच हवं. एकोणीस तारखेचा वर्ग तू घे. नाही म्हणू नकोस.

तुझा लोभ रोज डब्यातून येतोच, तो असाच गरम येऊ दे.

तुझी,
माया

इंदोरा, नागपूर
९ जानेवारी २०२५

चि. माया हिस,

अनेक आशीर्वाद अन् जयभीम. चिठ्ठी भेटली. ऑपरेशन गळ्याचं झालं का डोक्याचं वं? चौथी शिकलेली बाई अर्थशास्त्र शिकवते काय कुठं? मी बावीस वर्षं तुझ्या वर्गात सतरंजी टाकली, चहा केला, अन् मागं बसून ऐकलं. तेवढंच माझं काम. तुझ्या केंद्रातला तो संघपाल पीएचडी करून एवढा डॉक्टर झाला, त्याले सांग ना. तुझे दादा असते तर पोट धरून हसले असते. मले ह्या भानगडीत काहून पाडतं?

उद्या मुगाची खिचडी पाठवतो, अर्धी परत आली तर मी येऊन चारीन. जीव लावून आहे, तोही सांभाळ.

तुझी वहिनी,
प्रेमिला

धरमपेठ, नागपूर
१३ जानेवारी २०२५

ती. वहिनीस,

सप्रेम जयभीम. काल तिसरा रविवारही गेला. संघपाल गुणी आहे, पण दहाव्या मिनिटाला बाया पेंगतात, हे तुलाही माहीत आहे.

बोलता येत नाही म्हणून कपाट आवरत बसले, तर माझ्या पहिल्या सर्वेक्षणाचे कागद सापडले. १९९०, आपलीच गल्ली. एक फॉर्म तुझा. नाव : प्रेमिला देवराव मेश्राम. वय : बत्तीस. काम : काही नाही. अक्षर माझं.

कॉलेजातल्या सरांनी बजावलं होतं, छापलेला प्रश्न तसाच विचारायचा आणि उत्तर येईल तेच लिहायचं. मी शहाणी आपल्याच घरात, आपल्याच वहिनीपुढे परक्यासारखी बसले आणि विचारलं, की आपण काही काम करता काय. तू म्हणालीस, काही नाही, घरीच असते. तुझ्या मांडीवर सूप होतं, सुपात तंबाखू, आणि हात विड्या वळत होते. त्याच विड्यांवर माझं एम.ए. चाललं होतं. मी ते सगळं पाहिलं आणि तरी लिहिलं, काही नाही.

पुढे घरबसल्या काम करणाऱ्या बायांच्या अभ्यासातच माझी सगळी नोकरी झाली. भाषणात सांगत राहिले, की एका संशोधकाने अशी अशी चूक केली. तो संशोधक मी आणि ती बाई माझी वहिनी, हे सांगायची हिंमत झाली नाही. मला माफ कर. फॉर्म सोबत पाठवते. बायांना हे तुझ्याइतकं कोण समजावणार?

लोभ मागायला आज तोंड नाही, तरी असू दे.

तुझी,
माया

इंदोरा, नागपूर
२० जानेवारी २०२५

चि. माया हिस,

अनेक आशीर्वाद अन् जयभीम. काल वर्ग घेतला एकदाचा.

पयले तुझं. माफीबिफी मागू नको. तो संशोधक कोण, हे मले पयल्या भाषणापासून माहीत होतं. पण एक गोष्ट तुले माहीत नाही. त्या दिवशी तुझे दादा खाटेवर बसून होते. गिरणीतलं काम सुटून चार महिने झाले होते, माणूस जेवताना मान वर करत नव्हता. त्यांच्यासमोर कशी सांगू, का घर माझ्या विडीवर चालून राहिलं? म्हणून काही नाही म्हटलं. तू चुकली नाही वं, मीच खोटं बोलली. आता ते नाहीत, म्हणून सांगून राहिली.

एकोणतीस बाया आल्या. जुनं सूप सोबत नेलं, ते मांडीवर घेतलं तवा कुठं जीव थाऱ्यावर आला. मग तुझाच छापील प्रश्न इचारला. चार घरी स्वयंपाक करणारी कामिनी हो म्हणाली. तारा म्हणाली, का काही नाही जी, घरीच रायतो. तिच्या मांडीवर फॉल लावाची साडी होती अन् दातात धागा. मी म्हटलं, का धागा काढ अन् पुन्हा सांग. साऱ्या हसल्या, तारा हसली नाही. दातातला धागा काढला अन् हळूच म्हणाली, का मी साड्याले फॉल लावतो, बारा वर्षं झाले. मग एकेक बाई सांगाले लागली. पापडवाली, मोत्याच्या माळा ओवणारी. संघपाल मागं बसून लिहून घेत होता अन् चहा त्यानंच केला.

पुढच्या रविवारीही मीच यावं म्हणतात. जातो, काय करू. माया, तू एम.ए. झाली तवा मले वाटलं, आपल्या हातानं एक काम चांगलं झालं. काल वाटलं, ते अजून चालूच आहे. तू होती म्हणून वं.

तुझा फॉर्म वापस पाठवतो, तो फेकू नको. काही नाही यावर काट मारली अन् बाजूले माझ्या अक्षरात बरोबर करून लिहिलं. वाचून रडशील तर मुकाट्यानं रड, गळ्याले ताण देऊ नको. माझ्यावरचा जीव आहे तसाच राहू दे.

तुझी वहिनी,
प्रेमिला

(सोबत फॉर्म)
नाव : प्रेमिला देवराव मेश्राम. वय : बत्तीस.
काम : विड्या वळणे. नणंदेले शिकवणे.