रफूच्या ब्लॉगची कमाई

३ जून

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

जाड पेनाने आणि टपोऱ्या अक्षरात लिहिते आहे, म्हणजे भिंग न शोधता वाचता येईल. तू पत्रातून पाठवलेला लेख, स्वेटरच्या कोपराला पडलेलं भोक बुजवण्याचा, टाइप करून परवा ब्लॉगवर चढवला. दोन दिवसांत नऊशे माणसं वाचून गेली! चाळीस वर्षं रफूचं दुकान चालवते आहेस, वर्षभरात तरी एवढी माणसं पायरी चढतात का?

आता मुद्द्याचं. डॉक्टर म्हणतात, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि आणखी सहा महिने थांबलीस तर सुई राहू दे, दोऱ्याचा रंगही कळणार नाही. बाबांनी ऑपरेशनचे पैसे पुढे केले, तर धाकट्या भावाच्या पैशाने जग बघायची हौस नाही म्हणालीस. मी देते म्हटलं, तर माझाच कान पिळलास. ठीक आहे. मग तुझ्या ब्लॉगनेच पैसे मिळवायचे. ते तुझ्या कष्टाचे असतील, त्यांना नाही म्हणायची सोय नाही.

मी चौकशी केली आहे. पहिला मार्ग जाहिरातींचा. एक कंपनी आपल्या लेखाच्या कडेला जाहिराती लावते, वाचकाने एखादीवर बोट ठेवलं की आपल्याला थोडे पैसे मिळतात. कालच लावून घेतल्या. तुला काहीही करायचं नाही, नुसतं लिहीत राहायचं.

लोभ आहेच, तो मी कितीही डोकं खाल्लं तरी टिकव.
तुझी,
टकळी


२१ जून

चि. टकळी हिस,
अ. उ. आशीर्वाद.

जाहिराती पाहिल्या. म्हणजे शेजारच्या औषधवाल्याने फोन नाकासमोर धरला आणि काहीतरी रंगीत आहे एवढं मला कळलं. तो म्हणाला, नव्या कपड्यांच्या सेलची आहे. मी जुनं टाकू नका म्हणून घसा कोरडा करायचा आणि शेजारी ही बया नवं घ्या म्हणून ओरडणार, काय म्हणावं याला!

पण म्हटलं, आपल्याच दारात कुणी पाटी लावली आणि आपणच ढुंकून पाहिलं नाही, हे काही बरं दिसत नाही. म्हणून रोज सकाळी कुलूप काढलं की मी औषधवाल्याच्या फोनवर सगळ्या जाहिरातींवर एकेकदा बोट ठेवते. मग तो ठेवतो. खोकल्याचं औषध न्यायला आलेल्यांनाही ठेवायला लावतो, त्याशिवाय सुट्टे परत देत नाही. तुझ्या बाबांनाही कळवलं होतं. त्यांच्या ऑफिसातले चौदाजण जेवणाच्या सुट्टीत न चुकता हे काम करतात. तू मला काही करायचं नाही म्हणालीस खरी, पण मला आयतं बसून खाणं कधी जमलंय?

जेवत जा वेळेवर. माझ्यावर माया आहे ती माहीत आहे, थोडी स्वतःवरही कर.
आत्या


२ जुलै

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

कंपनीने आपलं खातं कायमचं बंद केलं. कारण, एकाच गल्लीतून आणि एकाच ऑफिसातून रोज ठरल्या वेळी खोटी बोटं ठेवली जात होती. जमलेले पैसेही गेले. मी दिवसभर विम्याच्या ऑफिसात लोकांचे खोटे दावे पकडत बसते आणि माझ्या घरात आत्या, बाप आणि औषधवाला मिळून टोळी चालवतात! हसावं की रडावं कळेना, शेवटी हसले.

दुसरा मार्ग होता कमिशनचा. लेखात सुया-कात्र्यांची शिफारस करायची, वाचकाने त्या घेतल्या की आपल्याला वाटा. तुझ्याकडे पाच वस्तू पाठवल्या. तुझा अभिप्राय आला की डझनातल्या अकरा सुया बोथट आहेत, कात्री ब्रेड कापायला ठेवली आहे, बाकीचं कुणी फुकट दिलं तरी घेऊ नये. तो जसाच्या तसा छापला. वाचकांनी तुझे मनापासून आभार मानले आणि एकही वस्तू घेतली नाही.

पण आता खरी संधी आली आहे. इस्त्रीने चिकटवायच्या पट्ट्या विकणारी एक कंपनी तुझ्या एका लेखाचे पैसे द्यायला तयार आहे. दोन्ही डोळे होऊन वर नवा चष्मा येईल एवढी रक्कम! पट्टी पाठवली आहे. वापरून बघ आणि, आत्या, हात जोडते, जरा गोड लिही.

लोभ कर, आणि या वेळेपुरतं माझं ऐक.
टकळी


१२ जुलै

चि. टकळी हिस,
अ. उ. आशीर्वाद.

पट्टी तुझ्या बाबांच्या जुन्या कोटावर लावून पाहिली. कापड पुठ्ठ्यासारखं कडक झालं. एकदा चिकटली की सुटत नाही आणि सोडवायला गेलं तर कापड घेऊन येते. लोकरीला तर कुणी चुकूनही लावू नये. असंच लिहायचं. कंपनीला नको असेल तर राहिलं.

मला ऑपरेशन नको आहे असं समजू नकोस. काल सुईत दोरा ओवायला अकरा वेळा प्रयत्न केला. परवा एकाची निळी पँट काळ्या दोऱ्याने रफू करून दिली, तो बिचारा तशीच घडी घालून घेऊन गेला. मला रात्रभर झोप आली नाही. हातात अजून काम आहे गं, आणि डोळे साथ सोडताहेत. भीती वाटते. पण म्हणून खोटं सांगायचं?

जीव लावतेस तसाच लावत राहा.
आत्या


२० जुलै

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

घाईत आहे. लेख टाकला. फार लांब होता म्हणून थोडा आवरला. कंपनीला पसंत पडला, पैसे जमा झाले. डॉक्टरांकडून तारीख घेते. आता नाही म्हणू नकोस हं.

टकळी


९ ऑगस्ट

टकळी,

काल दुकानात गाणं शिकवणाऱ्या एक बाई आल्या. तीन तास प्रवास करून, मला शोधत. त्यांच्या आईची लोकरीची शाल होती, आई गेल्या वर्षी गेली. शालीला बोटभर भोक पडलं होतं. ब्लॉगवर मी लिहिलंय म्हणून त्यांनी ती पट्टी लावली. मी हात फिरवला, भोकाच्या जागी तळहाताएवढा टणक तुकडा लागला. मी म्हटलं, मी असं लिहिलेलंच नाही. बाईंनी फोन काढून मला वाचून दाखवलं. 'लोकरीलाही निर्धास्त वापरा, माझा शब्द आहे.'

माझा शब्द! मला पडद्यावरचं दिसत नाही, म्हणून तू लिहिलंस. शेजारचा औषधवाला फक्त जाहिरातींपुरता वाचतो, हेही तुला ठाऊक होतं. जाहिरातींवर बोटं ठेवली तो माझा अडाणीपणा. हे मात्र तू समजून उमजून केलंस, आणि माझ्यासाठी केलंस म्हणून जास्त लागलं.

बाई रागावल्या नाहीत. माझे डोळे बघून त्यांना सगळं कळलं असावं. शाल टेबलावर ठेवली, मजुरीचे पैसे ठेवले आणि म्हणाल्या, डोळे नीट झाले की करा, मला घाई नाही. मी पैसे घेईना, तर म्हणाल्या की कामाचे आहेत, काम नंतर व्हायचं एवढंच. मग मी ते ठेवून घेतले.

आत्या


१६ ऑगस्ट

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

चुकले. कारणं देत नाही. तुझी अक्षरं ओळीवरून घसरायला लागली होती आणि मी घाबरले.

तो लेख काढला. कंपनीला पै न पै परत केली. ब्लॉगवर सगळं खरं लिहिलं, शब्द कुणी बदलले तेही, आणि तुझा मूळ अभिप्राय छापला. दोन दिवस लोकांनी मला फैलावर घेतलं, ते रास्तच होतं. बाईंनी शाल ठेवून आगाऊ पैसे दिले, तेही लिहिलं होतं. तिसऱ्या दिवशी एका निवृत्त पोस्टमनने विचारलं, त्याच्या गणवेशाचा कोट असाच ठेवून घ्याल का? मग एका नर्सने विचारलं, मग रांगच लागली. आजपर्यंत चौतीस जणांनी नंबर लावून आगाऊ मजुरी भरली आहे, ऑपरेशनपुरते पैसे त्यातच जमले. सोबत यादी जोडली आहे, जाड पेनाने.

ही मदत नाही आत्या, कामं आहेत. चाळीस वर्षांत घेतलेलं काम तू न करता परत केल्याचं मला तरी आठवत नाही.

लोभ उरला असेल तेवढा चालेल.
टकळी


२८ सप्टेंबर

चि. टकळी हिस,
अ. उ. आशीर्वाद.

अक्षर बारीक वाटलं तर भिंग घे. डावा डोळा झाला, उजवा पुढच्या महिन्यात. सुईत पहिल्या झटक्यात दोरा गेला, तेव्हा औषधवाल्याने दुकान सोडून येऊन टाळ्या वाजवल्या. दुकान इतकं कळकट आहे हे मला कुणी सांगितलं कसं नाही?

पहिली शालच हातात घेतली. नऊ दिवस लागले. ती पट्टी धागा धागा करून सोडवली, किनारीतून दोरा काढून वीण भरली. बाई न्यायला आल्या तेव्हा भोक कुठे होतं ते त्यांना सापडेना. त्यांचे आगाऊ पैसे मी परत केले. ते काम त्यांच्या नावावर नाही, तुझ्या नावावर धरलंय.

घरच्या माणसाकडून मी आजवर रफूचा पैसा घेतलेला नाही. हे पहिलं बिल, सोबत जोडलंय. दर पूर्ण लावलाय, सूट मागू नकोस. आणि पैसे पाठवायचे नाहीत, स्वतः आणून द्यायचे. दोन वर्षं तू माझ्यासमोर येऊन बसतेस, पण तुझा चेहरा मला नीट दिसलेला नाही.

वाट बघते आहे.
आत्या